मेहनत तुझी, पण रस्ता सगळ्यांचा सारखा नाही



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. चांगले मार्क मिळाले तर, "बघ, मेहनतीचं फळ मिळालं." कमी पडले तर, "अभ्यासच केला नसेल." पहिलं वाक्य ऐकायला गोड वाटतं. पण ते पूर्ण खरं मानलं, तर दुसरंही मानावं लागतं. आज त्याबद्दल बोलूया.

समजा, घाटकोपरच्या दोन मुली आहेत, दोघी दहावीच्या. एक पूर्वेला फ्लॅटमध्ये राहते. तिला अभ्यासाला वेगळी खोली आहे, क्लास आहे, अडलं तर विचारायला शिकलेली आई आहे. दुसरी असल्फाच्या टेकडीवर एका खोलीत राहते. सकाळी पाणी भरायचं, धाकट्या भावाला शाळेत सोडायचं, आई कामावरून येईपर्यंत भात टाकायचा. तिचा अभ्यास सुरू होतो तो सगळे झोपल्यावर. पहिलीला 91 टक्के मिळतात, दुसरीला 78. कॉलेजची यादी 85 वर थांबते. यादी मार्क वाचते, हंडे मोजत नाही.

पहिलीने मेहनत केली नाही, असं मी म्हणत नाही. पण दुसरीची मेहनत कमी होती, असं तरी कसं म्हणायचं?

याचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेत अभ्यासलं गेलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एरिन गॉडफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. ॲरिझोना राज्यातल्या 257 शाळकरी मुलांशी ते बोलले. बहुतेक मुलं गरीब घरांतली होती. "आपल्या देशात कष्ट करणारा प्रत्येक जण पुढे जातो" असं मानणाऱ्या मुलांचा आत्मविश्वास सहावीत चांगला होता, वागणंही चांगलं होतं. पण सातवी संपेपर्यंत याच मुलांचा आत्मविश्वास घसरत गेला आणि वागणं बिघडत गेलं.

असं का व्हावं? या वयात मुलांना आजूबाजूचं दिसायला लागतं. आपले आईवडील दिवसभर राबतात, तरी पैसा पुरत नाही. मग मनात येतं, की जगाचा नियम जर न्यायाचा आहे, तर खोट आपल्यातच असणार. एका अभ्यासावरून सगळीकडचं ठरत नाही, पण हा विचार आपल्याकडच्या मुलांच्या तोंडूनही ऐकू येतो: "माझ्यात डोकंच नाही."

मग मुलांना सांगायचं का, की मेहनतीचा उपयोग नाही? मुळीच नाही. आपण बाबासाहेबांचं उदाहरण देतो. परळच्या चाळीतली एक खोली, वडील रात्री दोनला उठवायचे आणि ते अभ्यासाला बसायचे. हे खरंच आहे. पण गोष्ट इथे थांबवू नका. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नुसती मेहनत पुरली असती, तर त्यांनी दुसऱ्यांसाठी कॉलेज कशाला काढलं असतं?

म्हणून मुलांना दोन्ही गोष्टी सांगा. "मेहनत कर, ती तुझ्या हातात आहे. आणि जे तुझ्या हातात नाही, त्याचा दोष स्वतःला देऊ नकोस."

आणि घरात थोडं बदला. परीक्षेच्या वर्षी मुलीच्या डोक्यावरचा हंडा भावाच्या डोक्यावर जाऊ शकतो. आठवीतलं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल आणि घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल शाळेत विचारा. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही असते. ही मदत मागण्यात कमीपणा नाही. शिष्यवृत्ती बाबासाहेबांनीही घेतली होती.

निकालाच्या दिवशी मूल घरी आलं, की "किती पडले?" याच्या आधी "जेवलीस का?" एवढं विचारा. मार्कांचं नंतर दोघी मिळून बघा.