प्रकाशाची फणी

एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडी गावी, एक मांजर जुन्या विहिरीत पडले. विहिरीत बायोगॅसची स्लरी साठवलेली होती. मांजराला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, असे करत पाच जण दगावले. कमरेला दोर बांधून उतरलेला तेवढा वाचला.

शेण कुजले की मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मिथेनला ना रंग, ना वास. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो खरा. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते.

मग ओळखायचे कसे? प्रकाशाने. या प्रत्येक वायूचे रेणू अवरक्त प्रकाशातल्या ठरावीक वारंवारिताच शोषतात. लेसरचे अतिसूक्ष्म झोत नेमक्या तालात सोडले, की समान अंतरावरच्या हजारो वारंवारिता एकदम मिळतात. जणू फणीचे दातच! ही फणी हवेतून फिरवायची आणि कोणते दात किती झिजले ते पाहायचे. वायू कोणता आणि किती, दोन्ही कळते. या तंत्रासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. अमेरिकेत कॅन्सासमध्ये तर गुरांच्या वाड्याजवळ हे झोत सोडून मिथेन आणि अमोनिया मोजले गेले.

यंत्र महागडे, ते आपल्या गोठ्यावर इतक्यात येणार नाही. विहिरीसाठी खिशात मावणारा साधा गॅस डिटेक्टर बाजारात मिळतो. तो नसेल तर उतरू नये, अग्निशमन दलाला बोलवावे. आणि हो, कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे नको. मिथेन पेट घेतो.