चाकामागचा घसारा

व्यापारी कुटुंबात 'घसारा' हा शब्द वर्षातून एकदा हमखास कानी पडतो. मार्चअखेरीस हिशेब पुरे करताना मोटारीच्या उरलेल्या किमतीतून शेकडा 15 वजा होतात, वडीलधारे मान हलवतात आणि विषय तेथेच संपतो. कागदावरचा हा घसारा निष्पक्षपाती आहे. गाडी आठवड्यातून तीनदा कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीस जावो, नाहीतर पेढीच्या दारात उभी असो, शेकडा 15 तेच. परंतु त्याच मोटारीच्या चाकामागे दुसरा एक घसारा चाललेला असतो. तो कोणत्याही वहीत चढत नाही आणि त्याची मोजदाद टक्क्यांत नव्हे, मिलिमीटरमध्ये करावी लागते. तो घसारा ब्रेक पॅडचा.

मोटारीच्या पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे मागे पोलादी पट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेला घर्षणद्रव्याचा थर. पाय पेडलवर पडला की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनला पुढे ढकलतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटीत धरतात. भारतातील बहुतेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांत डिस्कऐवजी ड्रम व लायनर असतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे झिजेचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे जातो.

या चिमटीवर पडणारे काम किती, याची कल्पना सहसा नसते. माणसे व सामान धरून 1,400 किलो वजनाची गाडी ताशी 80 किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर सुमारे एक लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. दिवाळीच्या हंगामात मागच्या आसनावर कापडाचे गठ्ठे आणि डिकीत खोकी भरून निघालेल्या गाडीचा हिशेब त्याहून वाढलेला. प्रत्येक थांब्याला पॅडचा थर कणाकणाने झिजतो, आणि त्याने झिजावे हीच त्याची योजना आहे. झिजणारा भाग स्वस्त असावा आणि सहज बदलता यावा, म्हणून तो वेगळा ठेवलेला असतो.

सर्वसाधारण समज असा की पॅड संपत आले म्हणजे ब्रेक कमी लागू लागतील आणि पायाला ते कळेल. येथेच मोठी फसगत होते. पॅड जसजसा पातळ होतो, तसतसा पिस्टन थोडा पुढे सरकून उभा राहतो आणि ती जागा ब्रेक ऑइल भरून काढते. पेडल पूर्वीइतकेच वर राहते. नवा पॅड आणि तीन मिलिमीटर उरलेला पॅड यांतील फरक गावातल्या रस्त्यावर सरावलेल्या चालकालाही जाणवत नाही. म्हणून "ब्रेक तर उत्तम लागतात" हे वाक्य पॅड शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. पुरावा डोळ्यांनी आणि मोजपट्टीनेच मिळतो.

नव्या पॅडवरचा थर सर्वसाधारणपणे 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरपर्यंत आला की बदलण्याची वेळ झाली असे धरावे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत उत्पादकाने दिलेली मर्यादा काही वेळा याहूनही कमी असते, पण ती शेवटची हद्द आहे, तेथवर जाण्याचे निमंत्रण नव्हे. चाकाच्या जाळीतून डोकावले तर बाहेरचा पॅड बहुधा दिसतो, आणि तेवढ्यावर समाधान मानणारे गॅरेजवालेही आहेत. आतला पॅड मात्र चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या असतील, तर बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक असताना आतला पत्र्यापर्यंत गेलेला असू शकतो. टायरची अदलाबदल करताना चाके निघतातच. त्याच वेळी चारही पॅडची जाडी पाहून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग.

आवाजाचे म्हणाल तर सगळेच आवाज सारखे नसतात. अनेक पॅडना पोलादाची एक बारीक पट्टी लावलेली असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून चिरका, बारीक आवाज करते. ती मुद्दाम ठेवलेली सूचना आहे. परंतु स्वस्त पॅडना ही पट्टी असतेच असे नाही, त्यामुळे शांतता म्हणजे निर्धोकपणा असे समजू नये. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिल्या चार-सहा वेळा खरखरतात. तो डिस्कवर चढलेला गंज असतो, पुसला जातो, त्याची चिंता नको. पेडलखाली थरथर जाणवली तर दोष बहुधा डिस्कचा. मात्र ब्रेक दाबताच जाड, धातूवर धातू घासल्यासारखा करकराट ऐकू आला, तर थर संपून पोलादी पट्टी डिस्कला ओरबाडत आहे असे समजावे. त्या क्षणापासून खर्च केवळ पॅडचा राहत नाही, डिस्कचाही होतो, आणि गाडी थांबण्याचे अंतर वाढते ते वेगळेच.

ब्रेक ऑइलची डबीही एक साक्षीदार आहे. पॅड झिजले की तिच्यातील पातळी हळूहळू उतरते. पुष्कळदा सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी तरी तत्परतेने त्यात ऑइल भरून टाकतो, आणि झिजेची खूण पुसली जाते. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच जादा ऑइल डबीतून उतू जाते व गाडीचा रंग खाते. पातळी खाली गेली तर आधी कारण पाहावे, मग भरावे.

घाटात या सर्वांची परीक्षा होते. गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा वर सांगितलेल्या वजनाच्या हिशेबाने चार लिटर पाणी उकळेल इतकी शक्ती कोठे तरी खर्च व्हावी लागते. खालचा गिअर असेल तर तिचा मोठा भाग इंजिन रोखून धरते. न्यूट्रलवर गाडी सोडणारा चालक तो सगळा भार पॅडवर टाकतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम यासाठीच आहे. पातळ पॅडमधून उष्णता लवकर पिस्टनकडे आणि ऑइलकडे पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे कोरे ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल पायाखाली मऊ होऊन खाली जाते. म्हणून सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ऑइल बदलतात.

उतारावर ब्रेक झिजण्याची गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ या जर्मन गृहिणीने आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत नेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेतल्या उतारांवर ब्रेक निकामी होऊ लागले, तेव्हा तिने एका चांभाराकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. आजच्या लायनरची सुरुवात तेथून मानतात. त्या बाईने गाडी दामटली नाही, घरी जाऊन पाहू असेही म्हटले नाही. थांबून दुरुस्ती केली.

व्यापारी घरांत नेमके हेच थांबणे अवघड होऊन बसते, आणि त्याचे कारण यंत्रात नाही. गाडी चालवतो पगारी चालक किंवा वसुलीला निघालेला धाकटा मुलगा. खर्चाला मंजुरी देतात पेढीवर बसलेले वडील. आवाज एकाच्या कानावर पडतो, पैसे दुसऱ्याच्या हातून सुटतात. चालकाने "शेठजी, ब्रेक वाजतात" म्हणावे, "दिवाळीनंतर बघू" असे उत्तर यावे, आणि चालकाने पुन्हा तो विषय काढू नये, हे अनेक घरांत घडते. दुसऱ्यांदा बोलणारा नोकर खर्चिक ठरतो. रविवारी त्याच गाडीत सुना-नातवंडे बसून कुंभोजगिरीला जातात, तेव्हा ती अर्धवट राहिलेली गोष्ट कोणाच्या ध्यानात नसते. ब्रेकपुरता तरी नियम वेगळा असावा: ज्याने आवाज ऐकला त्याने न विचारता गाडी गॅरेजात न्यावी आणि बिल नंतर दाखवावे. इतर कोणत्याही कामासाठी अशी मोकळीक दिली नाही तरी चालेल.

अर्थात गॅरेजात सांगितलेले सगळेच खरे मानण्याचे कारण नाही. सहा मिलिमीटर थर शिल्लक असताना "पॅड गेलेत" असे सांगणारेही भेटतात. दोन्ही बाजूंच्या चुकीवर उपाय एकच, तो म्हणजे आकडा मागणे. गाडीच्या डायरीत तारीख, किलोमीटर आणि चारही पॅडची जाडी लिहून ठेवावी. समजा, 11 मिलिमीटरचे पॅड 24,000 किलोमीटरनंतर 5 मिलिमीटर राहिले. म्हणजे एका मिलिमीटरला 4,000 किलोमीटर. तीनपर्यंत यायला दोन मिलिमीटर उरले, म्हणून सुमारे 8,000 किलोमीटर हाताशी आहेत, घाटाच्या फेऱ्या वाढल्या तर त्याहून कमी. शेजाऱ्याचे पॅड किती टिकले याला अर्थ नाही. शहरातल्या गर्दीत 20,000 किलोमीटरमध्ये संपणारे पॅड मोकळ्या महामार्गावर दुपटीहून अधिक टिकू शकतात.

बदलताना डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक लावताना एकीकडे ओढली जाऊ शकते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, तीही तपासून घ्यावी. सुटा भाग बिलासह घ्यावा. दुकानात गिऱ्हाइकाला पक्के बिल देणारा माणूस गॅरेजात स्वतः बिल मागायला का संकोचतो, हे एक कोडेच आहे. पॅडची काळी भुकटी हवेच्या झोताने उडवू देऊ नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते मिस्त्रीच्या फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटे जास्त लागतात.

नवे पॅड बसल्यावर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते, कारण पिस्टन मागे ढकललेले असतात. म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल चार-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्यावे. नव्या पॅडची आणि डिस्कची बैठक जमायला सुमारे 300 किलोमीटर लागतात. तेवढ्या प्रवासात शक्यतो जोरात ब्रेक मारू नयेत आणि लांब घाट टाळावा. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरायचे असेल, तर पॅड निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, पंधरा दिवस आधी बदललेले बरे. तोवर वसुलीच्या रोजच्या फेऱ्यांत ते बसून जातात.