क्लीनर टाकण्याआधी

घरातला कॉम्प्युटर हळू चालू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘फॉरमॅट मारून घ्या’. दुसरा, ‘एखादा चांगला क्लीनर टाका’. पहिल्यात कटकट आहे हे कुणालाही कळते, म्हणून तो लांबणीवर पडतो. दुसरा फुकटचा आणि दोन मिनिटांचा, म्हणून लगेच अमलात येतो. क्लीनर उघडला की एक मोठे बटण दिसते, ते दाबले की शेकडो ‘दोष’ सापडल्याची लाल अक्षरांतली यादी येते, आणि ते दूर करायचे असतील तर पैसे भरा, असे शेवटी सुचवले जाते. हे दोष म्हणजे नेमके काय, ते यंत्राला कुठे नडत होते, काढल्याने काय सुधारले, यातले काहीच कळत नाही. म्हणून कॉम्प्युटरसाठी कुठलेही साधन घेताना एक कसोटी लावावी: हे साधन आत काय चालले आहे ते दाखवून निर्णय आपल्यावर सोडते, की परस्पर काहीतरी करून मोकळे होते? दाखवणारी बहुतेक साधने विंडोजमध्येच असतात किंवा फुकट मिळतात. परस्पर करणाऱ्यांची आज गरज राहिलेली नाही.

‘आज’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण एके काळी या साधनांना काम होते. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात डिस्क लहान होत्या. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या फायली मागे राहत. डिस्कवर विखुरलेले तुकडे एकत्र आणण्यासाठी डीफ्रॅग हाताने चालवावे लागे. हळूहळू ही कामे विंडोजनेच आपल्याकडे घेतली. व्हिस्टापासून डीफ्रॅग दर आठवड्याला आपोआप होऊ लागले. फिरणारे भाग नसलेल्या एसएसडी या डिस्कवर डीफ्रॅग करायचेच नसते, तिला रिकाम्या जागेची खबर देण्याचे वेगळे काम असते; विंडोज ८ पासून तेही त्याच वेळापत्रकात बसले. २०१७ मध्ये विंडोज १० ला ‘स्टोरेज सेन्स’ मिळाले आणि तात्पुरत्या फायली आपोआप काढण्याची सोयही आतच झाली. क्लीनर विकणाऱ्यांकडे मग उरली ती रजिस्ट्री. विंडोज आणि त्यातले प्रोग्रॅम आपापल्या सेटिंग्जची नोंद तिथे ठेवतात. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदी तिथे राहतात हे खरे, पण टेलिफोनच्या डायरीत गाव सोडून गेलेल्या माणसाचा नंबर राहिला म्हणून दुसऱ्याचा नंबर शोधायला वेळ लागत नाही, तसेच हे आहे. लाखो नोंदींतल्या काहीशे काढल्याने वेग वाढत नाही. चुकून कामाची एक निघाली तर मात्र प्रोग्रॅम बंद पडू शकतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापराला आपला पाठिंबा नाही आणि त्यातून झालेल्या बिघाडासाठी विंडोज पुन्हा टाकण्याची वेळ येऊ शकते, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवले आहे.

रॅम ‘मोकळी’ करून देणाऱ्या बूस्टरची गतही अशीच. वापरात नसलेल्या रॅममध्ये विंडोज नुकत्याच लागलेल्या फायली धरून ठेवते, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जावे लागत नाही. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की ती लगेच मोकळीही करून देते. बूस्टर ही साठवण जबरदस्तीने रिकामी करतो. आकडा छान दिसतो आणि पुढच्या मिनिटाला तेच सगळे डिस्कवरून पुन्हा वाचावे लागते. ब्राउजरची कॅशे रोज पुसण्याची सवयही अशीच उलटी पडते. वेबसाइटवरची चित्रे पुन्हा उतरवायला लागू नयेत म्हणूनच तर ती साठवलेली असतात. एखादी साइट बिघडलेली दिसत असेल तेव्हा कॅशे जरूर पुसावी, पण तो रोजचा नेम नव्हे.

निरुपयोगी साधन निदान निरुपद्रवी असते, असे म्हणून हा विषय सोडून देता आला असता. पण यंत्रात काय चालले आहे हे न दाखवणाऱ्या साधनावर डोळे झाकून विश्वास ठेवला की काय होते, याचे दाखले आहेत. अमेरिकेत ऑफिस डेपो ही दुकानांची मोठी साखळी गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरची ‘आरोग्य तपासणी’ करून देत असे. सुरुवातीला चार प्रश्न विचारले जात: पॉप-अप फार येतात का, यंत्र हळू झाले आहे का, व्हायरसची सूचना आली आहे का, मध्येच बंद पडते का. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या तक्रारीनुसार, यांतल्या एका जरी चौकटीत टिक केली तरी तपासणीच्या शेवटी मालवेअरची लक्षणे आढळल्याचा निकाल येई. मधले स्कॅनिंग हा नुसता देखावा. निकाल ठरे तो त्या टिकवर. त्या निकालाच्या जोरावर दुरुस्तीची सेवा विकली जाई. २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत ऑफिस डेपोने २.५ कोटी आणि ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर भरले. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या ‘दुरुस्ती’ विकणाऱ्या कंपन्यांना २.६ कोटी डॉलर भरावे लागले. विंडोजच्याच वाटाव्यात अशा सूचना पडद्यावर दाखवून त्या लोकांना घाबरवत होत्या, असा त्यांच्यावर आरोप होता.

यावर कुणी म्हणेल, हे लबाडांचे झाले, नावाजलेला क्लीनर घेतला तर काय बिघडते? सीसीक्लीनरचे उदाहरण याच प्रश्नाचे उत्तर आहे. तो लबाड नव्हता. जगभरातली माणसे तो वर्षानुवर्षे वापरत होती. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची ५.३३ ही आवृत्ती निघाली, तेव्हा ती तयार होण्याच्या टप्प्यातच हल्लेखोरांनी तिच्यात आपला प्रोग्रॅम घुसवला होता. ती कंपनीच्याच साइटवर होती, तिच्यावर कंपनीची खरी डिजिटल सही होती. सुमारे महिनाभराने सिस्को कंपनीच्या संशोधकांनी प्रकार उघड केला तोवर ती साधारण २२.७ लाख कॉम्प्युटरवर गेली होती. हल्लेखोरांचा डोळा मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता, म्हणून घरगुती वापरणारे बहुतेक वाचले. असा हल्ला कुठल्याही सॉफ्टवेअरवर होऊ शकतो हे मान्य. पण यंत्राच्या मुळापर्यंत हात घालण्याची मोकळीक ज्याला दिली आहे, त्याच्याकडून होणारे नुकसान मोठे असते. नसलेल्या गरजेसाठी ती मोकळीक का द्यायची?

आता दाखवणाऱ्या साधनांकडे वळू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. यंत्र रखडत असेल नेमके तेव्हा तो उघडावा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क हे तीन रकाने पाहावेत. सीपीयूचा आकडा चढलेला असेल तर रकान्याच्या डोक्यावर क्लिक करावे. सर्वाधिक खाणारा प्रोग्रॅम वर येतो, आणि बरेचदा तो ब्राउजरच निघतो. मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम अपुरी आहे. ती क्लीनरने वाढत नाही, एक तर कमी टॅब उघडाव्या लागतात किंवा रॅम वाढवावी लागते. सीपीयू निवांत आणि डिस्क मात्र शंभर टक्के, असे चित्र जुन्या लॅपटॉपवर नेहमी दिसते. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. अशा लॅपटॉपमधली हार्ड डिस्क सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि ते टोक जागेवर सरकवण्याचा वेळ वेगळाच. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फायली सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने त्याच वेळात हजारो वाचल्या जातात. अशा यंत्राला एसएसडी बसवणे हा नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ खर्च आहे, आणि फरक लगेच जाणवतो.

टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ हा भाग असतो. यंत्र सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम न बोलावता येतात आणि कोणाचा भार किती, ते तिथे लिहिलेले असते. नको असलेल्यावर राइट क्लिक करून तो ‘डिसेबल’ करता येतो. प्रोग्रॅम जागेवरच राहतो, फक्त आपणहून सुरू होत नाही. चुकले तर पुन्हा चालू करता येते. डिस्क भरली असेल तर सेटिंग्जमधल्या सिस्टिमखाली ‘स्टोरेज’ पाहावे. तिथे ‘टेंपररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असते, तिथे टिक करण्याआधी दोनदा विचार करावा, बँकेची स्टेटमेंट आणि मुलांचे हॉलतिकीट याच फोल्डरमध्ये असते. विंडिरस्टॅट हे फुकट मिळणारे साधन अख्खी डिस्क रंगीत चौकोनांत मांडते, जितकी फाइल मोठी तितका चौकोन मोठा. विसरलेला लग्नाचा व्हिडिओ त्यात लपून राहत नाही. ‘एव्हरीथिंग’ नावाचे छोटे साधन फाइलच्या नावातली दोन-चार अक्षरे टाइप होताहोताच ती शोधून देते. ही दोन्ही साधने आपणहून काहीच पुसत नाहीत, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवण्याचे तेच कारण आहे.

क्लीनर चालवल्यावर यंत्र खरेच हलके झाले, असा अनुभव सांगणारे बरेच असतात, आणि तो खोटा म्हणता येत नाही. पण क्लीनरने स्टार्टअपमधले दोन प्रोग्रॅम बंद केलेले असतात किंवा शेवटी यंत्र रीस्टार्ट करायला लावलेले असते, आणि फरक पडतो तो त्याने. इथे एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ केले तरच सगळे नव्याने सुरू होते. रोज रात्री शट डाउन होणारा कॉम्प्युटर आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करणे, हा त्यामुळे अनेक क्लीनरांपेक्षा गुणकारी उपाय ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मायक्रोसॉफ्टच ‘पीसी मॅनेजर’ नावाचा क्लीनर देते, मग क्लीनर वाईट कसे? त्यात जे कामाचे आहे ते बहुतांशी सेटिंग्जमध्ये आधीच असते, इथे ते एका खिडकीत गोळा केले आहे. पण याच पीसी मॅनेजरने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या सूचनांत शोधयंत्र पुन्हा कंपनीच्याच बिंगवर नेण्याचा सल्ला दिल्याचे उघड झाले. ‘दोष’ कशाला म्हणायचे हे ठरवणाऱ्याचा स्वतःचा फायदा त्यात शिरतो, तो असा. अँटिव्हायरसची गोष्ट वेगळी, तो आणि क्लीनर एकाच टोपलीत घालू नयेत. पुण्यात नव्वदच्या दशकात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या यंत्रांतले व्हायरस काढण्यासाठी त्यांचे बंधू संजय यांनी प्रोग्रॅम लिहिला, त्यातून क्विक हील उभी राहिली. तेव्हा विंडोजमध्ये स्वतःचे संरक्षण नव्हते, गरज खरी होती. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर आतच येतो. वेगळा अँटिव्हायरस घ्यायचा की नाही हा विचारपूर्वक करण्याचा निर्णय आहे, पण दोन एकदम चालवू नयेत.

साधन घ्यायचेच तर ते कुठून, हा प्रश्नही तितकाच मोलाचा. गाण्याची वा व्हिडिओची जवळपास कुठलीही फाइल वाजवणारा व्हीएलसी प्लेअर आपल्याकडे घरोघरी आहे. २०२२ मध्ये त्याची अधिकृत साइट भारतात कित्येक महिने बंद होती. नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा खुली झाली. अशा वेळी माणूस गूगलवर शोधतो आणि पहिल्या दिसणाऱ्या साइटवरून उतरवून घेतो, आणि भलतेसलते सोबत येण्याची वाट तिथेच उघडते. साधन बनवणाऱ्याची स्वतःची साइट किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअर, एवढ्या दोनच वाटा धराव्यात. शोधाच्या निकालात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या दुव्यावर जाऊ नये. फोन करून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे, एनीडेस्क टाका’ असे सांगणाऱ्याला तर पडदा दाखवूच नये. दुरून पडदा दाखवणाऱ्या या साधनाच्या मार्गाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

राहिला शेवटचा आक्षेप: सामान्य माणसाने हे सगळे पाहत बसायचे का, त्याला एका बटणात काम व्हायला हवे. ज्या सफाईत निर्णयच नसतो ती स्टोरेज सेन्स चालू करून विंडोजवर सोपवता येते, त्याला एक बटणच लागते. निर्णय लागतो तो आपल्या फोटोंना, कागदपत्रांना, हिशेबाच्या फायलींना, आणि तिथे कुठल्याही कंपनीचे बटण आपल्या वतीने विचार करू शकत नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्याने जुन्या यंत्राचे पुढे काय करायचे हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. ते नव्या विंडोजवर न्यायचे, लिनक्स टाकायचे की बदलायचे, हे ठरवण्याआधी एक बाहेरची डिस्क घ्यावी, कामाच्या फायलींची प्रत तिच्यावर काढावी आणि ती प्रत उघडते ना हे पाहावे. ही प्रत हाताशी असली की फॉरमॅटचा सल्लाही घाबरवत नाही, आणि क्लीनरने दाखवलेली लाल यादी तर मुळीच नाही.