फ्लॅटमध्ये केलेली घरगुती वाईन: खरा धोका कुठे असतो?

जानेवारी ते एप्रिल या काळात हिंजवडी, माण, मारुंजीच्या रस्त्यांवर नाशिक-जुन्नरच्या द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. फ्लॅटमध्ये पाच-सहा मुले राहत असतात, ओट्याखाली पाण्याचा २० लिटरचा रिकामा जार असतो आणि कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. पुढचे काय होते ते आईवडिलांना बहुधा उशिराच कळते आणि मग त्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, याने डोळे जातात का हो?"

ही भीती मालवणीसारख्या घटनांमुळे मनात बसली आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पण त्या दारूत मिथेनॉल मिसळलेले होते. नुसती फळे आंबवल्यावर मिथेनॉल तयार होते ते फळातल्या पेक्टिनपासून आणि अगदी थोडे. तुमच्या बरणीतल्या द्राक्षांमुळे कुणी आंधळे होण्याची शक्यता फारच कमी. मात्र दोन गोष्टी करू नका. कुकर आणि नळी लावून ती वाईन उकळून "कडक" करण्याचा प्रयोग करू नका, कारण बंद स्वयंपाकघरात अल्कोहोलची वाफ पेटते आणि आधी निघणाऱ्या भागात नको ते पदार्थ एकवटतात. आणि तिच्यात बाहेरून आणलेले कोणतेही स्पिरिट घालू नका. प्रयोगशाळेतले तर नाहीच नाही.

मग धोका कुठे आहे? माझ्या मते सर्वांत आधी झाकणात.

यीस्ट साखर खाते तेव्हा अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. १ किलो साखर पूर्ण आंबली तर २५० लिटरहून जास्त वायू निघतो. ५ लिटरची एक बरणी असेल तर तो आठवडाभरात हळूहळू निघतो, खिडकी उघडी असली की कुणी गुदमरत नाही. मोठा ड्रम बंद बाथरूममध्ये किंवा सगळे जमिनीवर गाद्या टाकून झोपतात त्या खोलीत ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. सकाळी सगळ्यांचेच डोके दुखत असेल, धाप लागत असेल तर आधी खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. ड्रममध्ये डोके घालून वास घेऊ नका.

पण प्रत्यक्षात इजा होते ती बाटली फुटून. वाईन "झाली" असे समजून मुले ती काचेच्या बाटलीत भरतात आणि बूच घट्ट लावतात. चवीला ती किंचित गोड लागते. लिटरमागे २० ग्रॅम, म्हणजे चारेक चमचे साखर उरली असेल तर तिच्यातून आणखी सुमारे ५ लिटर वायू निघू शकतो. सोड्याच्या बाटलीतही लिटरमागे साधारण ४ लिटरच वायू असतो आणि ती बाटली त्या दाबासाठीच बनवलेली असते. साध्या वाईनची किंवा सरबताची बाटली तशी नसते. फ्रिजमध्ये ठेवले की प्रश्न मिटला असेही नाही. थंडीत यीस्ट फक्त सुस्तावते. एप्रिलच्या दुपारी वीज गेली किंवा बाटली बाहेर राहिली की ते पुन्हा कामाला लागते.

काच डोळ्यात गेली तर डोळा चोळू नका, पाण्याने जोरात धुऊ नका, रुतलेला तुकडा ओढू नका, गुलाबपाणी किंवा मध घालू नका. कागदी कप डोळ्यावर न दाबता हलकेच धरा आणि डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात लगेच जा.

भांड्याबद्दल थोडक्यात. द्राक्षांचा रस आंबट असतो, म्हणून कल्हई नसलेले पितळ-तांबे आणि ॲल्युमिनियम वापरू नये. भंगारातून आणलेला प्लास्टिकचा कॅन तर अजिबात नको. त्यात आधी कोणते रसायन होते ते कुणालाच माहीत नसते. वरती हिरवी-काळी बुरशी आली असेल तर ती चमच्याने बाजूला काढून पिऊ नका, सगळे ओतून द्या. बटाटा घालू नका. २०११ मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या तुरुंगात बटाटा घालून केलेल्या अशाच पेयामुळे आठ कैद्यांना बॉट्युलिझम झाला होता. त्यात नजर दुहेरी होते, गिळता येत नाही, नंतर श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

आणखी एक गोष्ट फार कुणाच्या लक्षात येत नाही. घरच्या वाईनची ताकद बाटलीवर लिहिलेली नसते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होते. गोड द्राक्षे आणि वरून मनसोक्त साखर घातली तर ते १२ टक्क्यांपर्यंत सहज जाते. चव मात्र सरबतासारखी लागते. २५० मिलीचा स्टीलचा पेला भरून घेतला तर त्यात सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे ५ टक्क्यांची ६५० मिलीची बिअरची बाटली जवळजवळ एका पेल्यात. मेसचे जेवण चुकवून दोन-तीन पेले घेणाऱ्याला हे कळायला उशीर लागतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहाटे साखर धोकादायक खाली जाऊ शकते आणि सोबतच्यांना वाटते, चढली आहे. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल, क्षयाची औषधे, फिट्सच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा अलीकडे कावीळ झाली असेल तर एक घोटही नको. दमा असलेल्यांनी सल्फाइटची पूड घातलेल्या वाईनपासून लांब राहावे.

कायद्याचेही सांगतो. परवान्याशिवाय दारू तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे आणि त्यात घरची वाईनही येते.

मित्र उठत नसेल तर

"झोपू दे, सकाळी उतरेल" या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. शेवटचा पेला संपल्यावरही पोटातले अल्कोहोल रक्तात जात राहते, त्यामुळे झोपलेला माणूस तासाभरानंतर आणखी खोल बेशुद्धीत जाऊ शकतो. हाक मारून, चिमटा काढूनही तो उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठी खंड पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, अंग गार पडले असेल, फिट आली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल तर १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा आणि एकटे सोडू नका. लिंबूपाणी, ताक, कॉफी काहीही पाजू नका. बोट घालून उलटी काढू नका, ती श्वासनलिकेत जाते. थंड पाण्याखाली उभे करू नका.

बाहेरचे काही मिसळल्याचा जरासाही संशय असेल तर पिऊन झाल्यावर बारा ते चोवीस तास लक्ष ठेवा. आधी बरे वाटून नंतर पोटात दुखणे, जोरजोरात श्वास, डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरे पांढरे दिसणे ही मिथेनॉलची लक्षणे आहेत. त्यावर उतारा आणि डायलिसिस, दोन्ही उपचार आहेत, पण वेळेत पोहोचले तरच डोळे आणि जीव वाचतात.

मुले इथेच अडखळतात. घरमालक काय म्हणेल, कॉलेजला कळेल का, पोलीस येतील का? विषबाधेचा संशय असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवू शकते, हे मी लपवणार नाही. तरीही तपासणाऱ्या डॉक्टरांना काय प्यायले, किती वाजता, किती आणि सोबत कोणती गोळी घेतली होती, हे खरे सांगा. "बाहेरचे खाल्ले होते" असे सांगितले की आम्ही अन्नातून झालेल्या विषबाधेचा विचार करत बसतो आणि मधले तास निघून जातात. पालकांनो, रात्री दोन वाजता असा फोन आला तर ओरडणे सकाळसाठी ठेवा आणि फोन करणाऱ्या मित्राला पत्ता विचारा. उरलेले पेय बेसिनमध्ये ओतू देऊ नका, झाकण सैल करून ती बाटली रुग्णालयात सोबत न्यायला सांगा.