गावात आम्हीच सरकार, म्हणजे नेमकं काय?

ब्रिटनची राज्यघटना अलिखित आहे, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्यामुळे तिथे सगळं तोंडीच चालतं, असा समज होतो. पण १६८९चा हक्कांचा कायदा, १९११चा संसद कायदा हे तिथे कागदावरच आहेत. फक्त ते एका पुस्तकात बांधलेले नाहीत, आणि पंतप्रधान कोणाला नेमायचं यासारखे मोठे प्रश्न संकेतांवर सोडलेले आहेत.

गडचिरोलीतल्या ग्रामसभांबद्दलही असेच गैरसमज आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ऐकली की शहरातल्या माणसाला बंडाचा वास येतो. तसं काही नाही. राज्यघटनेच्या २४४व्या कलमाने आणि पाचव्या अनुसूचीने आदिवासी भागांसाठी वेगळी व्यवस्था मान्यच केली आहे. १९९६चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा तर राज्यांना बजावतो, की पंचायतीचे कायदे तिथल्या रूढींशी सुसंगत हवेत, आणि तंटे परंपरेच्या रीतीने सोडवायला ग्रामसभा सक्षम आहे. मात्र कुठल्या रूढी, हे कायदा सांगत नाही. ते गावालाच ठाऊक.

ग्रामसभा म्हणजे सरपंचाने बोलावून सह्यांवर उरकलेली बैठक, हा दुसरा समज. (बऱ्याच ठिकाणी तो खराही आहे, काय करणार!) पेसा क्षेत्रात मात्र एखादा पाडा किंवा टोलाही आपली वेगळी ग्रामसभा भरवू शकतो. मेंढ्यात मतदान होत नाही. निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध उरला तर विषय पुढे ढकलायचा, तोवर अभ्यासगटाने माहिती काढायची. अशाने काहीच ठरत नसेल, असं वाटेल. पण याच रीतीने गावाने दारूबंदी केली आणि २०१३ मध्ये आपली शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं.

अलिखित हक्क लेखी कायद्याला कुठे अडतो, तेही इथेच दिसतं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यात बांबूही आला, कारण २००६च्या या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं आहे. पण वनखात्याच्या लेखी तेव्हा बांबू म्हणजे झाड, म्हणून वाहतूक परवाना मिळेना. परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेणं हा गुन्हा. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. माझ्या मते हक्क खरा ठरला तो त्या दिवशी.

मग रूढीला कोणी हातच लावू शकत नाही का? हा समज सगळ्यांत घातक. घटनेच्या १३व्या कलमात ‘कायदा’ या शब्दात रूढीही येते, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी टिकत नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, म्हणून मुलींचा वाटा रूढीवरच सोडला जायचा. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला: मुलीला वगळणारी रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायची, ती सिद्ध झाली नाही, तर वाटा सारखाच.