कॅमेऱ्याची निवड
कॅमेरा निवडताना भिंगाइतकाच आतील प्रकाश झेलणारा संवेदकही पाहावा लागतो. 2008 साली निघालेल्या निकॉन डी90 चा संवेदक सुमारे 24 मिलिमीटर रुंद आहे. 2012 च्या कॅनन एसएक्स50 चा जेमतेम 6 मिलिमीटर. परंतु संवेदक लहान असल्यामुळेच, नाभीय अंतर 50 पट वाढविता येणारे भिंग त्या छोट्या कॅमेऱ्यात सामावते. भर उन्हात झाडाच्या शेंड्यावरील पक्षी तो सहज टिपतो. मंद दिव्याच्या उजेडात मात्र त्याच्या संवेदकास प्रकाश अपुरा पडून चित्र कणीदार दिसते. तेथे डी90 जुना असूनही सरस ठरतो. पण दूरच्या पक्ष्यासाठी त्यास वेगळे, जड व महाग भिंग जोडावे लागते. म्हणून चित्रे कशाची व कोणत्या प्रकाशात काढावयाची, हे आधी ठरवावे आणि मगच कॅमेरा घ्यावा.