बाळंतविडा विणताना

घरात बाळ येणार अशी वार्ता लागली की आजी-मावश्यांच्या हाती लोकर येते, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. टोपडे, झबले, पायमोजे, दुपटे या साऱ्यांचा मिळून बाळंतविडा होतो. शिर्डीच्या बाजारात तयार टोपडी हवी तेव्हा मिळतात. तरीही वसतिगृहात एकत्र वाढलेल्या आम्ही काही माजी विद्यार्थिनी सुटीच्या दिवशी जमून हा विडा हाताने विणावयास शिकलो. आमचे पहिले टोपडे दिसावयास देखणे झाले, पण बाळाच्या डोक्यावर चढेना. आम्ही टाके मोजले होते, बाळाचे माप घेतले नव्हते. विणकामाचा पहिला धडा आम्हांस तेथेच मिळाला.

टोपडे हा केवळ शृंगार नव्हे. नवजात बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि उघड्या डोक्यावाटे त्याची ऊब लवकर निघून जाते. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळास गारठा विशेष बाधतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. बाळास उबदार ठेवणे हा त्या काळजीचा एक महत्त्वाचा भाग होता. 1999 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले होते. आपल्या जिल्ह्यातही पौष-माघात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, हे ध्यानी घ्यावे.

आता लोकरीविषयी. आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीस उत्तम. परंतु ती भरड असल्याने बाळाच्या कातडीस टोचते. बाळासाठी मऊ सुती धागा किंवा 'बेबी वूल' घ्यावे. धागा गालाला लावून पाहावा. आपल्याला खुपला तर बाळालाही खुपणारच.

विणण्यापूर्वी दहा सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणावा. मध्यम जाडीची लोकर व आठ नंबरच्या सुया घेतल्यास एवढ्या रुंदीत साधारण 22 टाके बसतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे 33 ते 35 सेंटिमीटर असतो. वीण ताणली जाते म्हणून टोपडे 32 सेंटिमीटरचे धरावे. म्हणजे 70 टाके घालावे लागतात. काठ एक सुलट, एक उलट असा विणावा, पुढे सरळ वीण घालावी आणि शेंड्याकडे दोन-दोन टाके एकत्र करीत जावे.

क्रोशाची रीत निराळी. तेथे एकच आकड्याची सुई असते आणि काम शेंड्याकडून सुरू होते. पहिल्या फेरीत 12 खांब, मग 24, मग 36, अशी प्रत्येक फेरीत 12 खांबांची वाढ करावी. गोलाचा व्यास दहा सेंटिमीटर झाला की वाढ थांबवावी. पुढील फेऱ्या तेवढ्याच खांबांच्या घातल्या की कडा आपोआप खाली वळते.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. पायमोज्यांची वीण जाळीदार नसावी, कारण बाळाची बोटे त्यात अडकतात. आतील बाजूस लोंबते धागे ठेवू नयेत. गळ्याशी लांब नाडी, तसेच मणी वा सैल गुंड्या लावू नयेत. घर उबदार असेल तर निजलेल्या बाळाचे टोपडे काढून ठेवावे आणि दुपटे तोंडावर येऊ देऊ नये. कृत्रिम लोकर आगीने वितळून कातडीस चिकटते. म्हणून शेक-शेगडीच्या वेळी असे कपडे बाळाच्या अंगावर नसावेत. वस्तू प्रथम सौम्य साबणाने धुऊन, सावलीत पसरून वाळवावी आणि मगच वापरावी.

आमचे दुसरे टोपडे नीट बसले. ते बाळ आता शाळेत जाते आणि टोपडे त्याच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर आहे. ज्या पालकांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी आजपासूनच सुया हाती घ्याव्यात. टाका चुकला तर उसवावा आणि पुन्हा घालावा. पण त्याआधी बाळाचे माप ध्यानी ठेवावे, एवढीच आमची विनंती.